अखंड गर

अर्थसंकल्पाच्या दिवशी आमच्या घरी स्वयंपाक लवकर उरकावा लागतो. नवऱ्याची तशी सूचनाच असते. तीस वर्षं जहाजावर काढून घरी बसलेला हा माणूस एरवी बातम्यांकडे ढुंकून पाहत नाही, पण त्या दिवशी सकाळीच आंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसतो. भाषण संपल्यावर जणू त्यालाच उठून आभार मानायचे असतात. मी आत भाकऱ्या थापते आणि बाहेरून आकडे ऐकू येत राहतात. इतके कोटी या क्षेत्राला, तितके कोटी त्या क्षेत्राला. त्या आकड्यांचा अर्थ मला कधी लागला नाही आणि लागावा असं वाटलंही नाही. हातखंब्याच्या तिठ्यावरचा खड्डा मी बऱ्याच अर्थसंकल्पांपासून ओळखते.

त्या वर्षी मात्र तो ओरडला, "अगो, काजू म्हणाले!"

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. खरंच म्हणाले होते. उद्योगांना बळ, कामगारांना सन्मान, पारंपरिक प्रक्रिया उद्योगांचं आधुनिक रूपांतर आणि त्या लांबलचक वाक्याच्या शेपटाला कोकणातला काजू. समोरच्यांनी बाकं वाजवली. काजूची बी कशी फोडतात हे त्या सभागृहात कितीजणांना ठाऊक असेल असं मनात आलं आणि मला हसू फुटलं. नवऱ्याला ते आवडलं नाही. "तुझ्याच धंद्याचं बोलतायत आणि तू दात काढतेस," तो म्हणाला आणि आवाज वाढवला.

माझा काजूचा कारखाना आहे. कारखाना हा बँकेचा शब्द. प्रत्यक्षात चिऱ्याच्या तीन भिंती, वर पत्रे आणि चौथ्या बाजूला लोखंडी जाळी, एवढंच ते प्रकरण आहे. हातखंब्याहून आत आलं की कातळ संपतो आणि आमची वाडी सुरू होते, तिथे ही शेड. बिया वाफवायला बॉयलर, गर सुकवायला ड्रायर आणि बिया फोडायला आठ कटर. कटर म्हणजे लाकडी मेजावर समोरासमोर बसवलेली दोन पाती. पायाने पेडल दाबायचं, हाताने दांडा खाली ओढायचा, टरफल उकललं की टोच्याने आतला गर सोडवायचा. आठ कटर, आठ बाया. बहुतेकींचे नवरे मुंबईला असतात आणि शिमगा-गणपतीला घरी येतात.

दाराजवळच्या पहिल्या कटरावर काकी बसते. माझी नात्याची कोणी नाही, वाडीतल्या सगळ्यांचीच ती काकी. मी शेड घातली तेव्हापासून आहे आणि त्याच्या आधी दुसऱ्यांच्या पडवीत बसून फोडायची. काजूच्या व्यापारात सगळा मान अखंड गराला. दोन फाका झाल्या की ती पाकळी, त्याहून फुटला की तुकडा. दिसायला आणि विकायला या तिघांत जमीन-अस्मानाचा फरक. काकीच्या हातून तुकडा पडत नाही. बी हातात आली की ती अंगठ्याने एकदा चाचपते, पात्यात कशी धरायची ते त्या एका चाचपण्यात ठरतं. तिच्या गराच्या टोकाला कधी पात्याचा ओरखडा नसतो. आठही जणींच्या टोपल्या एकत्र ओतल्या तरी तिचा गर मी वेगळा काढून दाखवीन.

टरफलात एक तेल असतं. ते हाताला लागलं की कातडी भाजते, काळी पडते आणि सोलून निघते. राख लावा, गोडंतेल लावा, हातमोजे घाला, कुठून ना कुठून ते शिरतंच. एका वर्षी काकीचा हात मनगटापर्यंत भाजला आणि मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. केसपेपर लिहिणाऱ्याने नाव विचारलं, वय विचारलं, आणि धंद्याच्या जागी न विचारताच गृहिणी लिहिलं. आत डॉक्टरने कागद पाहिला, हात पाहिला आणि म्हणाला, "तेल उडालं का आजी? तळताना लक्ष द्यायचं." बाहेर आल्यावर काकी मला म्हणाली, "बाय गो, मी काय वडं तळत व्हते काय?" तिच्या रेशनकार्डावर, मतदारयादीत, नातवाच्या शाळेच्या फॉर्मवर, सगळीकडे तेच लिहिलेलं. पन्नास वर्षं बिया फोडल्या आणि कागदोपत्री एक बी फोडली नाही.

आता माझंही सांगते. मी बायांची नावं कधी रजिस्टरात घातली नव्हती. नावं घातली की कारखाना मोठा होतो आणि मोठा झाला की तपासणीला माणसं येतात, असं सुरुवातीलाच एका शहाण्याने माझ्या डोक्यात भरवलं होतं. मजुरी वेळेवर देत होते, गणपतीला साडी देत होते, अडीअडचणीला धावत होते, आणि स्वतःला मोठी चांगली मालकीण समजत होते.

भाषणाला दोन महिने झाले नसतील, तोच वाडीत योजना येऊन पोचली. योजना एकटी येत नाही, तिच्यासोबत सल्लागार असतो. हा गुळगुळीत दाढी केलेला, पांढऱ्या बुटांचा माणूस होता. शेडमध्ये शिरताना त्याने नाकाला रुमाल लावला आणि जाईपर्यंत काढला नाही. रुमालातूनच त्याने समजावलं की योजनेचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात माझ्या कारखान्याला बिया फोडायचं स्वयंचलित यंत्र मिळणार, बहुतेक भार सरकार उचलणार. दुसऱ्या भागात हाताने फोडणाऱ्या कामगारांना कुशल कामगार म्हणून कार्ड मिळणार. कार्डावर फोटो, नाव, धंदा, सोबत विमा.

"यंत्र आल्यावर हाताने कोण फोडणार?" मी विचारलं.

"ते दोन वेगवेगळे विभाग आहेत, मॅडम," तो म्हणाला. त्याला माझ्या प्रश्नात काही वावगं दिसलं नाही आणि त्याच्या उत्तरात तर नाहीच नाही.

मला यंत्राची हाव नव्हती असं म्हणायला जीभ रेटत नाही. शिमग्यात आणि भातलावणीत बाया येत नाहीत, वाफवलेल्या बिया तशाच पडून राहतात, तेव्हा यंत्राची स्वप्नं मला पडत असत. पण काकीने रुमालवाल्याच्या बोलण्यातला एकच शब्द पकडला होता. त्या दिवशी काम संपल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. "त्या कारडावर काय लिवतीत?"

"कुशल काजू कामगार."

"आनी नाव माजंच? ह्येंचं न्हाय?"

"तुझंच."

वयाची अट साठ होती. काकीच्या आधारकार्डाप्रमाणे तिला साठी लागायला एक वर्ष होतं. म्हणजे या वर्षी कार्ड मिळालं तर मिळालं. तिने दुसऱ्याच दिवशी तालुक्याला जाऊन फोटो काढून आणला, चार प्रती, आणि माझ्या कपाटात जपून ठेवायला दिला. पहिल्या फोटोत ती हात वर करून बसली होती. फोटोवाल्याने हात खाली घ्या म्हटलं तर म्हणाली, हाताचंच कार्ड हाय. पुन्हा काढावा लागला.

मग प्रशिक्षण झालं. ज्यांनी उभ्या जन्मात काजू फक्त बर्फीवर पाहिला त्यांनी तालुक्याच्या हॉलमध्ये आमच्या बायांना तीन दिवस काजू शिकवला. पडद्यावर बाण दाखवले, बाणाच्या एका टोकाला शेतकरी, दुसऱ्या टोकाला जग. एक मुलगी इतक्या गोड आवाजात 'मूल्यवर्धन' म्हणत होती की बायांना ते कुठलं तरी टॉनिक वाटलं. शेवटच्या दिवशी प्रत्येकीला टोपी आणि रबरी हातमोजे मिळाले. ते मोजे टरफलाच्या तेलाने दोन दिवसांत चिकट झाले. बायांनी ते शेडमागच्या पपईवर कावळ्यांना भिववायला लावले आणि तिथे मात्र ते खरोखर उपयोगी पडले.

यंत्र पावसाळ्याआधी आलं. खोक्यातून निघालं तेव्हा नवऱ्याने त्याला हार घातला आणि नारळ फोडला. बसवायला आलेला मेकॅनिक उत्तरेकडचा होता, आंब्यावर खूष आणि कामात बरा. त्याने बटण दाबलं, वर बिया ओतल्या, आत पाती फिरली आणि खालच्या पत्र्याच्या खणात भराभर गर पडू लागला. आम्ही सगळ्या वाकून बघत होतो. खणात सगळा चुरा होता. तुकडा, पाकळी, पुन्हा तुकडा, मधेच एखादा चुकार अखंड.

झालं काय होतं ते कळायला वेळ लागला नाही. यंत्राला एका मापाच्या बिया लागतात. परदेशातून गोण्या भरून येतात तशा, सगळ्या सारख्या. आमच्याकडे वाडीवाडीतून बी येते. कुणाच्या कातळावरची गावठी, नखाएवढी, कुणाची कलमाची, चांगली टपोरी. माणसाचा अंगठा बी पाहून धरतो, यंत्राला अंगठा नाही. मेकॅनिकने दोन दिवस स्क्रू पिळले. जाताना म्हणाला, "सेट हो जाएगा." मी त्या यंत्राकडे बघितलं आणि मला भाषणातली ती बाकं आठवली. तसंच वाजत होतं.

आठवडाभरातच साहेब पाहणीला येणार असल्याचा निरोप आला. आता पाहणी म्हणजे आमच्या दृष्टीने सगळंच होतं. साहेबांनी येऊन बघायचं होतं की यंत्र कसं चालतं आणि हाताने फोडणाऱ्या बाया किती आहेत. त्यांच्या अहवालावर कार्डं अवलंबून होती. मी मनाशी पक्कं केलं होतं. खणातला तुकडा साहेबांना दाखवायचा, हे यंत्र आमच्या बीचं नाही, परत न्या म्हणायचं, आणि आठ कटर दाखवून सांगायचं की कारखाना यांच्या हातावर चालतो. बायांना मी एवढंच म्हटलं, "उद्या साहेब येतायत. यंत्र चालवायचं. पडेल ते पडू दे." का, ते सांगितलं नाही. मालकिणीला कारण सांगायची सवय नसते.

दुसऱ्या दिवशी शेडवर गेले तर दारात रांगोळी. आत आठही कटर भिंतीला लावून त्यांच्यावर चादर टाकलेली, कारण साहेबांच्या खुर्च्या मांडायला जागा हवी. जमीन सारवल्यासारखी लख्ख. आणि बाया? आठही जणी गणपतीच्या साड्या नेसून, केसांत अबोली माळून, हात घासून घासून शक्य तितके गोरे करून रांगेत उभ्या. आमच्याकडे दारात पाहुणा आला की कुणी मळक्या कपड्यांत कामाला बसत नाही. पाहुण्याला काम दाखवत नाहीत, घर दाखवतात. मी कपाळाला हात लावला. बसा म्हणावं, कटर काढा म्हणावं, तोच बाहेर गाडी थांबली.

साहेब तरुण होते, घामाने डबडबलेले, स्वभावाने वाईट नव्हते. सोबत एक फोटोग्राफर. चहा झाला, बटण दाबलं गेलं, बिया खडखडल्या. साहेबांनी स्वतः खाली वाकून खण ओढला.

खणात अखंड गर होता. काठोकाठ. एकही तुकडा नाही, टोकाला एकही ओरखडा नाही. तो मी कुठेही ओळखला असता. मी काकीकडे पाहिलं, तर तिने पदर तोंडाला लावला होता आणि डोळ्यांनी हसत होती.

मागाहून कळलं ते असं. साहेब एवढ्या लांबून येणार आणि आपल्या शेडवर त्यांच्यापुढे तुकडा येणार, हे तिच्याने सहन होईना. आमच्या घरांतून पाहुण्याच्या बशीत तुकडा जात नाही. तुकडा घरातल्यांनी खायचा, भाजीत घालायचा, पाहुण्याला अखंडच. म्हणून तिने दोन दिवस जादा बसून गर काढला, सकाळी यंत्राच्या खणात भरून ठेवला, आणि यंत्राचा तुकडा पडणार होता त्या वाटेला आतून कापडाचा बोळा घातला. सगळ्या बायांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

"वा!" साहेब म्हणाले. "आम्हाला इतर ठिकाणी एवढा चांगला रिझल्ट नाही मिळाला. तुमचं व्यवस्थापन उत्तम दिसतंय, मॅडम."

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. आजही ते वाक्य मला पाठ आहे, साहेब, हा गर हिने हाताने काढलाय. पण माझं कौतुक चाललं होतं. शर्ट इस्त्री करून आलेला नवरा ऐकत होता, फोटोग्राफर कॅमेरा रोखून उभा होता. मी हसले आणि मान डोलावली. फोटोग्राफरने काकीला पुढे बोलावलं, तिच्या ओंजळीत गर दिला, यंत्राशेजारी उभं केलं. काकी अशी ताठ उभी राहिली की मला वाटलं, असू दे, तिचं कार्ड आता पक्कं.

महिन्याने पत्र आलं. सरकारी मराठी वाचायला बसलं की पहिल्या वाचनात आनंदाची बातमीच वाटते. यंत्र पूर्ण क्षमतेने कार्यरत असल्याबद्दल अभिनंदन होतं. खाली, तिसऱ्या परिच्छेदात, सदर उद्योगात हाताने फोडणी होत नसल्याने आणि पाहणीवेळी असे कामगार आढळून न आल्याने कार्डांचे प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहेत. निकाली काढणे! माणसं किती सहज निकाली काढतात ही.

मी पदर खोचला आणि रत्नागिरीला कार्यालयात गेले. पर्समध्ये अर्ज लिहून नेला होता, खरं काय घडलं ते सगळं. साहेबांनी पंखा माझ्याकडे वळवला, पाणी मागवलं. चिडायलाही जागा ठेवत नाहीत.

"आठ बाया हाताने फोडतात माझ्याकडे," मी म्हटलं.

"पण मॅडम, मी स्वतः आलो होतो. यंत्र चालू होतं, बाया नटून उभ्या होत्या. आणि तुमच्याच अर्जात बघा ना." त्यांनी फाईल फिरवून माझ्यापुढे केली. पहिल्या भागाच्या अर्जाला मी गावातल्या महिलांची यादी जोडली होती. सल्लागाराने मागितली म्हणून एका दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलेली. नाव, वय, व्यवसाय. व्यवसायाच्या रकान्यात पहिल्याच नावापुढे, काकीच्या नावापुढे, माझ्या सुवाच्य अक्षरात गृहिणी. खाली सात वेळा वरीलप्रमाणेच्या खुणा. दवाखान्यातल्या त्या केसपेपरवाल्याला मी वर्षानुवर्षं नावं ठेवत आले होते. त्याने निदान आठ वेळा हा गुन्हा केला नव्हता.

"आता तुम्ही लेखी दिलंत की यंत्र चालतच नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले, "तर पाहणीत फसवणूक झाली असं होईल. यंत्राची मदत परत घ्यावी लागेल, तुमच्यावर शेरा पडेल. आणि कार्डांची मुदतही संपलीच आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा की."

पुढच्या वर्षी काकी साठीची होणार होती. हे मी त्यांना म्हणाले नाही. पर्समधला अर्ज पर्समध्येच ठेवला आणि थँक्यू म्हणून उठले. त्या भाषणवाल्यांना, सल्लागाराला, साहेबांना मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पण एसटीत बसल्यावर त्या शिव्यांमधल्या बऱ्याचशा मलाच लागू होतात हे ध्यानात आलं.

काकी शेडच्या दारात उभी होती. "काय झालं गो?"

"बघतायत," मी म्हटलं.

ती महिनाभर रोज विचारत राहिली आणि मी रोज बघतायत म्हणत राहिले. यंत्रातला बोळा काढून वर गोणपाट टाकलेलं होतं. आठही कटर पुन्हा जागेवर आले होते आणि काम पूर्वीसारखंच चाललं होतं.

दिवाळीच्या सुमारास हातखंब्याच्या तिठ्यावर मोठाले बोर्ड लागले. योजनेची यशोगाथा, असं वर ठळक. काकीला आणि मला बाजाराला जायचं होतं, आम्ही एसटीची वाट बघत तिथेच उभ्या होतो. तिनेच आधी पाहिलं. "बाय, ती मी हाय!"

तीच होती. घराएवढी मोठी, अबोलीची वेणी, ओंजळीत गर, मागे चकचकीत यंत्र. काकी चौथी शिकलेली. बोट हवेत फिरवत ती एकेक अक्षर लावून वाचू लागली, आणि मी तिला थांबवू शकले नाही. ट्रक धुरळा उडवत जात होते, ती थांबायची, धुरळा बसला की पुढचा शब्द. खाली लिहिलं होतं: यंत्राने काढलेला अखंड काजूगर. सोबत एक गृहिणी.

दोनदा वाचलं तिने. मग म्हणाली, "ह्यो गर माजा हाय."

"हो."

"तू उबी व्हतीस ना गो तकडं? तू न्हाय सांगितलंस?"

मी तेव्हा सगळं सांगितलं. पत्राचं सांगितलं, यादीचं सांगितलं, माझ्या अक्षराचंही. एसटी आली आणि गेली, आम्ही चढलो नाही. सांगून मला हलकं वाटेल अशी माझी समजूत होती, तीही खोटी ठरली. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "मंग ते फोटू? कपाटातलं?" मी म्हटलं, आहेत. "ते दे मला माजं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामाला आली. माझ्याशी बोलणं कामापुरतं राहिलं. मला वाटलं, रागावून दुसरीकडे जाईल तर बरं, निदान माझ्यासमोर रोज बसणार नाही. ती कुठे गेली नाही.

पुढच्या भाषणाच्या थोडं आधी मुंबईहून पथक आलं. आमचं यश बघायला आणि त्याचा व्हिडिओ करायला. पाच माणसं, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, आणि सोबत आपले साहेब, या वेळी कोट घालून. या खेपेला मी बायांना काहीच सांगितलं नव्हतं, आणि रांगोळी नव्हती, साड्या नव्हत्या. आठही जणी कटरावर बसलेल्या, हातांना राख, डोक्याला फडकी, पेडलांचा खटखटाट.

"हा आवाज जरा थांबवता येईल का?" पथकातली बाई म्हणाली. "व्हिडिओत येतोय."

बायांनी पेडलं थांबवली. साहेबांनी यंत्रावरचं गोणपाट काढलं, वर बिया ओतायला लावल्या, बटण दाबलं आणि पथकाला रूपांतर म्हणजे काय ते इंग्रजीत समजावू लागले. यंत्र बाकं वाजवल्यासारखं वाजलं आणि थांबलं. खण ओढायला साहेब वाकणार तोच काकी उठली. माझ्या कपाटातून तिने काचेची बशी काढली, पाहुण्यांसाठी ठेवलेली, सोनेरी काठाची. खण तिनेच ओढला, ओंजळीने बशी भरली आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरली.

बशीत तुकडा होता. चुरा, पाकळ्या, टरफलाच्या कपच्या. तिच्या हातून पाहुण्यापुढे तुकडा ठेवला गेल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाकीच्या सात जणींनी माना खाली घातल्या.

"खावा साहेब," ती म्हणाली. "तुमच्या मशीनचा हाय. माजा ऱ्हायला तकडं तिठ्यावर."

कुणी बशीला हात लावला नाही. साहेबांनी एकदा गराकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. पथकातल्या बाईने कॅमेरेवाल्याला थांबायची खूण केली आणि मला विचारलं, "या कोण आहेत?"

प्रश्न मला होता. उत्तरही माझ्याकडे होतं, वीस वर्षं होतं. मी "या आमच्या" एवढं म्हणाले आणि साहेबांच्या नजरेला नजर भिडली, तशी पुढचा शब्द उच्चारायला एक श्वास जास्त लागला. तेवढ्यात काकीने बशी माझ्या टेबलावर ठेवली.

"मी व्हय?" ती त्या बाईला म्हणाली. "मी गृहिनी. बोर्डावर लिवलेलं हाय, जाताना वाचा."

मग ती जाऊन आपल्या कटरावर बसली, हाताला राख लावली आणि पेडलावर पाय ठेवला.